खेळाडूंची देवघेव

पावसाळा सरून कार्तिक महिना लागला, म्हणजे पेडणे तालुक्यातील देवळांच्या प्रांगणांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. रात्र चढली की दशावतारी मंडळाचा पखवाज घुमू लागतो आणि पहाट होईपर्यंत माणसे जागची हालत नाहीत. ह्या प्रेक्षकांची चर्चा कान देऊन ऐकण्यासारखी असते. आज कोणते आख्यान लागणार, हा प्रश्न तर असतोच. पण त्याहून उत्सुकतेने विचारला जाणारा प्रश्न असा की, अमुक राजपार्टी ह्या वर्षी कोणत्या मंडळात आहे, आणि तमुक स्त्रीपार्टी मंडळ सोडून गेल्यावर त्याच्या जागी कोण उभा राहिला आहे. नट मंडळ बदलतात. एका हंगामात एका मंडळाची शोभा असलेला नट पुढच्या हंगामात दुसऱ्याच मंडळात दिसतो. प्रेक्षकांचे मत तेथल्या तेथे तयार होते. मंडळाने मिळविले किती आणि गमावले किती, ह्याचा हिशेब मंडळाचा मालक मांडतो त्याआधीच जत्रेतला जाणता शेतकरी मांडून मोकळा झालेला असतो.

हा हिशेब सोपा नसतो. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले, प्रवेशांचा क्रम ठरलेला. परंतु संवाद रंगभूमीवर उभे राहूनच बोलावयाचे. एकाने वाक्य टाकावे, दुसऱ्याने ते वरचेवर झेलावे आणि त्याला नवे वळण देऊन परत करावे, हीच त्या कलेची खरी मौज. अशा स्थितीत एखादा नामवंत नट मंडळात आला म्हणजे मंडळ सुधारलेच, असे मुळीच नाही. त्याचे बोलणे झेलणारा समोर असला पाहिजे. पायपेटीवाल्याला त्याच्या गळ्याची पट्टी ठाऊक झाली पाहिजे. आणि मंडळात आधीपासूनच दोन उत्तम राजपार्टी असतील, तर तिसरा आणून करावयाचे काय, हाही प्रश्न उरतोच. तीन राजे आणि एकही खलपार्टी नाही, अशा मंडळाचे युद्ध रंगणार तरी कसे?

खेळाच्या क्षेत्रात व्यावसायिक संघांपुढे नेमका हाच प्रश्न दर हंगामात उभा असतो. आपला कोणता खेळाडू द्यावा, त्याच्या बदल्यात कोणता घ्यावा, आणि मुळात देवघेव करावी की आहे तोच संघ सांभाळावा? वरवर पाहता हा बाजाराचा व्यवहार वाटतो. वस्तुतः तो पारखीचा व्यवहार आहे, आणि त्यात चुकलेले संघ वर्षानुवर्षे चुकीची किंमत मोजीत असतात.

ह्या प्रश्नाचा सर्वांत बारीक विचार अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये झालेला आहे. त्याचे कारण त्या खेळाच्या रचनेतच सापडते. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात. फुटबॉलमध्ये अकरांतील एक बदलला तर संघाचा अकरावा हिस्सा बदलतो. बास्केटबॉलमध्ये एक बदलला की पाचवा हिस्सा बदलतो. तेथील व्यावसायिक सामना 48 मिनिटांचा असतो. पाच खेळाडूंची मिळून 240 मिनिटे होतात. ह्या 240 मिनिटांत वाढ करणे कोणाच्याही हाती नाही. नवा खेळाडू आणून त्याला 35 मिनिटे द्यावयाची, तर ती 35 मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढून घ्यावी लागतात. शिवाय चेंडू एकच असतो. तो हाती असल्यावाचून ज्यांचा खेळ खुलत नाही असे तीन खेळाडू एकत्र आणले, तर दोघे केवळ पाहत उभे राहतील. म्हणून तेथला जाणता व्यवस्थापक प्रथम असे विचारीत नाही की, बाजारात सर्वांत मोठा खेळाडू कोण? तो विचारतो, आपल्या संघात उणे काय आहे?

ह्या विचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1956 सालचे आहे. बॉस्टन शहराच्या ‘सेल्टिक्स’ संघापाशी त्या वेळी गुण मिळविणाऱ्या खेळाडूंची वाण नव्हती. बॉब कूझी, बिल शर्मन आणि एड मकॉली ही त्या काळची पहिल्या प्रतीची नावे त्याच संघातली. तरीही तो संघ एकदाही अजिंक्य ठरलेला नव्हता. संघाचे प्रशिक्षक रेड आवरबाख ह्यांनी दुखण्याचे मूळ ओळखले. फळीवर आपटून परत येणारा चेंडू हा संघ हस्तगत करू शकत नव्हता आणि प्रतिपक्षाला आपल्या टोपलीखाली अडवू शकत नव्हता. ही दोन कामे असामान्य कौशल्याने करणारा एक तरुण त्याच वर्षी महाविद्यालयातून बाहेर पडत होता. त्याचे नाव बिल रसेल. अमेरिकेत नव्या खेळाडूंची निवड संघांनी आपापल्या पाळीने करावयाची असते, आणि दुर्बळ संघांना आधीची पाळी मिळते. बॉस्टनची पाळी फार उशिराची होती. सेंट लुइसच्या ‘हॉक्स’ संघाची पाळी दुसरी होती. आवरबाख ह्यांनी सेंट लुइसशी सौदा केला. रसेलच्या बदल्यात त्यांनी मकॉली दिला आणि सैनिकी सेवेतून परतणारा क्लिफ हेगन हा गुणी तरुणही दिला.

मकॉली हा मूळचा सेंट लुइसचा, आणि त्याचा लहान मुलगा तेथे आजारी होता. घराजवळ राहावयास मिळेल म्हणून त्यानेही ह्या बदलास संमती दिली. परिणाम काय झाला? रसेल तेरा हंगाम खेळला आणि त्यांपैकी अकरा हंगामांत बॉस्टन अजिंक्य ठरले. मग सेंट लुइस फसले काय? तसेही म्हणता येत नाही. 1957 च्या अंतिम फेरीत बॉस्टनने त्यांना सातव्या सामन्यात हरविले; पण 1958 साली मकॉली आणि हेगन ह्यांच्यासह खेळणाऱ्या सेंट लुइसने बॉस्टनला हरवून अजिंक्यपद पटकाविले. त्या अंतिम फेरीत रसेल मध्येच जायबंदी झाला होता, हे खरे. तरी विजय तो विजयच. तात्पर्य, देवघेवीत एकाचे हित झाले म्हणजे दुसऱ्याचे अहित झालेच पाहिजे, असा नियम नाही. दोन घरांच्या गरजा वेगळ्या असतील, तर एकाच व्यवहारात दोन्ही घरांत उजेड पडू शकतो.

ह्याच्या उलट उदाहरणही त्याच बॉस्टनच्या संदर्भात सापडते. 2013 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ‘नेट्स’ संघाला तत्काळ अजिंक्य व्हावयाचे होते. त्यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पीअर्स हे दोन थोर खेळाडू घेतले. गार्नेटचे वय त्या वेळी 37 होते आणि पीअर्सचे 35. बदल्यात ब्रुकलिनने काही खेळाडू तर दिलेच. शिवाय 2014, 2016 आणि 2018 ह्या वर्षांतील नव्या खेळाडूंच्या निवडीची आपली पहिली पाळी देऊन टाकली, आणि 2017 ची पाळी बदलून घेण्याचा हक्कही दिला. पुढे पीअर्स एका हंगामानंतर संघ सोडून गेला. गार्नेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर गेला. अंतिम फेरीचे दर्शनही ब्रुकलिनला झाले नाही. 2016–17 च्या हंगामात तर 82 सामन्यांपैकी त्यांना केवळ 20 जिंकता आले. दुर्बळ संघाला चांगली पाळी मिळते खरी; पण ती पाळी त्यांनी आधीच विकलेली होती. त्या पाळ्यांच्या बळावर बॉस्टनने जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे दोन तरुण मिळविले, आणि 2024 साली त्याच दोघांच्या खांद्यावरून अजिंक्यपद घरी आणले. बी-बियाणे विकून मेजवानी करावी, आणि पुढच्या मृगाला रिकाम्या कणग्यांकडे पाहत बसावे, तशी ब्रुकलिनची गत झाली.

आता हा विचार गोव्याच्या मातीत आणून पाहणे इष्ट ठरेल. गोव्यात व्यावसायिक बास्केटबॉल रुजलेले नाही. येथला जिव्हाळ्याचा खेळ फुटबॉल. आणि फुटबॉलच्या ह्या इतिहासाशी डिचोली तालुक्याचा संबंध निकटचा आहे. डिचोली, साखळी, पाळी, वेळगे ह्या परिसरातील खाणींतून निघालेले लोहखनिज गलबतांतून मांडवी नदीने बंदराकडे जात असे. आणि त्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या देंपो, साळगावकर ह्यांसारख्या घराण्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. सेसा गोवा ह्या खाण कंपनीने 1999 साली फुटबॉल प्रबोधिनी काढली, तिचे नातेही साखळीशी आहे. म्हणजे ज्या तालुक्यातील डोंगर पोखरले गेले, त्याच तालुक्यात मुलांना पायाने चेंडू खेळविण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची सोयही झाली.

गोव्यातील संघबांधणीचा आदर्श म्हणून देंपो संघाचे नाव घ्यावे लागते. अर्मांदो कुलासो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ह्या संघाने 2004–05 आणि 2006–07 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि तिच्या जागी आलेली आय-लीग 2007–08, 2009–10 आणि 2011–12 अशी तीनदा जिंकली. 2008 साली तो एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. ह्या यशाचे रहस्य काय? क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी असे गोमंतकीय खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत राहिले. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स 2004 पासून 2012 पर्यंत टिकून राहिला. त्याने 2010–11 च्या लीगमध्ये 30 आणि 2011–12 मध्ये 32 गोल केले. बाहेरून आणावयाचा तो गोल करणारा आणावा, आणि त्याला चेंडू पुरविणारी फळी घरची असावी, अशी ही योजना होती. देवघेव होत नव्हती असे नाही. पण संघाचा कणा बाजारात मांडला जात नव्हता. 2012 साली रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, आणि 2014–15 च्या हंगामाअखेर देंपो संघ आय-लीगमधून खालच्या विभागात घसरला. एवढ्या उताराचे कारण एकट्या खेळाडूचे जाणे नव्हे, हे उघड आहे. तथापि जोडी मोडली की ती पुन्हा जुळवावयास किती काळ लागतो, ते त्यावरून दिसून आले.

2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा संघ जन्मास आला. ह्या संघाने 2019 साली सुपर चषक जिंकला आणि 2019–20 च्या हंगामात साखळी सामन्यांत सर्वांत वरचे स्थान मिळवून प्रथमच दिली गेलेली विजेत्यांची ढाल पटकाविली. त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ह्यूगो बूमू हा गोव्याचाच होता. परंतु 2020 च्या पावसाळ्यात चित्र पालटले. बूमूला मुंबई सिटी संघाने करारातील कलमाप्रमाणे मोबदला भरून नेले. बचावफळीचा आधार असलेला मुर्तदा फॉल मुंबईला गेला. मधल्या फळीचा सूत्रधार अहमद जाहू मुंबईला गेला. 2014 च्या पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळणारा मंदार राव देसाई हाही मुंबईला गेला. ज्यांनी हा संघ घडविला, ते प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा त्या वर्षाच्या आरंभीच गोव्याहून दूर झाले होते; ते आता मुंबईचे प्रशिक्षक झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मुंबईने नुसते चार चांगले खेळाडू नेले नाहीत. एकमेकांची सवय असलेले चार खेळाडू आणि त्यांना ती सवय लावणारा गुरू, असा तयार संच नेला. जत्रेच्या भाषेत बोलावयाचे तर, राजपार्टी, खलपार्टी, पखवाजवाला आणि नाईक एकदमच उचलून नेले. 2020–21 चा हंगाम रोगराईमुळे संपूर्णपणे गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. दोन सामन्यांनंतरही बरोबरी सुटली नाही, आणि अखेर पेनल्टीच्या फटक्यांत मुंबईने 6–5 अशी बाजी मारली. पुढे अंतिम सामनाही मुंबईनेच जिंकला. गोव्याच्या भूमीवर, गोव्यात घडलेल्या संचाने, मुंबईच्या पोशाखात विजय मिळविला.

तथापि गोव्याने त्या हंगामात हातपाय गाळले नाहीत, हे त्या संघाच्या व्यवस्थापनाचे श्रेय. त्यांनी स्पेनचा इगोर अंगुलो आणला; तो त्या हंगामात 14 गोल करून सुवर्णपादत्राणाचा मानकरी झाला. आणि हंगामाच्या मध्यावर, 2021 च्या जानेवारीत, त्यांनी असा एक व्यवहार केला की, ज्याला शब्दशः अदलाबदल म्हणता येईल. मधल्या फळीतील लेनी रॉड्रिग्ज ह्याला त्यांनी कोलकात्याच्या एटीके मोहन बागान संघाला दिले आणि बदल्यात त्यांच्याकडचा ग्लॅन मार्टिन्स घेतला. दोघेही गोमंतकीय, दोघेही मधल्या फळीतले. फरक वयाचा आणि अनुभवाचा. लेनी 33 वर्षांचा, मुरलेला, चेंडू शांतपणे खेळविणारा. ग्लॅन 26 वर्षांचा, धावता, अजून सिद्ध व्हावयाचा.

हा व्यवहार पारखून पाहिला तर देवघेवीच्या विचारातील बहुतेक सर्व कलमे त्यात सापडतात. मोहन बागानला त्याच हंगामात अजिंक्यपद हवे होते. ते अंतिम फेरीपर्यंत गेलेही. त्यांना आजचा अनुभवी खेळाडू उपयोगाचा होता. गोव्यापुढे दुसरेच आव्हान होते. 2019–20 च्या ढालीमुळे आशियाई चँपियन्स लीगच्या गटफेरीत खेळण्याचा मान भारतीय संघांत प्रथम गोव्याला मिळाला होता, आणि त्या स्पर्धेत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर कडक मर्यादा होती. म्हणजे देशी खेळाडूंच्या पायांवर भार वाढणार होता. 2021 च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर हे सामने झाले. कतारचा अल रय्यान आणि अमिरातींचा अल वहदा ह्या बलाढ्य संघांना गोव्याने पहिल्याच दोन सामन्यांत गोलशून्य बरोबरीत रोखले. ग्लॅन मार्टिन्सला त्याच वर्षी जूनमध्ये कतारविरुद्ध भारताच्या संघातून पदार्पण करावयास मिळाले. ऑक्टोबरमध्ये गोव्याने कोलकात्यात ड्युरँड चषकही जिंकला. नावाच्या तराजूत तोलले असते तर जानेवारीत लेनीचे पारडे जड होते; गरजेच्या आणि काळाच्या तराजूत तोलले तेव्हा गोव्याचा सौदा तोट्याचा ठरला नाही, आणि मोहन बागानचाही ठरला नाही.

त्याच जानेवारीत गोव्याने आणखी एक मार्ग चोखाळला. हैदराबाद संघाकडून बचावपटू आदिल खान ह्याला त्यांनी उसनवार घेतले. आदिल हा सेसा प्रबोधिनीत घडलेला खेळाडू. उसनवारीचा मार्ग गावोगावच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. पेरणीच्या दिवसांत बैलजोडी कमी पडली तर ती विकत घेण्याची आवश्यकता नसते. शेजाऱ्याची चार दिवस मागून आणता येते. ज्या उणिवेची मुदत थोडी, तिच्यासाठी कायमचा सौदा करू नये, हे व्यवहारज्ञान येथेही लागू पडते.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. दुसऱ्या वर्षी अंगुलोही मुंबईलाच गेला. डिसेंबरात प्रशिक्षक हुआन फेर्रांदो हे मोहन बागानला गेले. 2021–22 च्या हंगामात गोवा नवव्या स्थानावर फेकला गेला. एका पावसाळ्यात घर पुन्हा शाकारता येते; दर पावसाळ्यात नवे घर बांधता येत नाही. देवघेव कितीही चतुराईची असली तरी तिची संख्या वाढत गेली म्हणजे संघात ओळखीची माणसे उरत नाहीत. संघाला पुन्हा स्थैर्य येऊन मोठा चषक हाती लागावयास 2025 साल उजाडावे लागले; त्या वर्षी मानोलो मार्केझ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्याने जमशेदपूरला 3–0 असे हरवून सुपर चषक दुसऱ्यांदा जिंकला.

ह्या सर्व उदाहरणांतून देवघेवीची पारख करण्याचे काही निकष हाती येतात. पहिला निकष उणिवेचा. आलेला माणूस ज्या जागेसाठी आला, ती जागा खरोखर रिकामी होती काय? बॉस्टनला गुण मिळविणारा चौथा खेळाडू नको होता. अडविणारा एक हवा होता. दुसरा निकष काळाचा. संघाला विजय आज हवा आहे, की तीन वर्षांनी? दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात. पण आजच्या विजयासाठी उद्याचे सर्वस्व देणे आणि उद्याच्या आशेवर आजचा हंगाम सोडून देणे, ह्या दोन टोकांमध्येच शहाणपणाची वाट असते. तिसरा निकष जोडीचा. जाणारा खेळाडू एकटा जात नाही. तो आपल्याबरोबर शेजारच्या खेळाडूची सवय घेऊन जातो. बचावातील फॉल आणि मधल्या फळीतील जाहू ह्यांची किंमत वेगवेगळी मांडून बेरीज केली, तर ती खऱ्या किमतीपेक्षा कमी भरेल. आणि चौथा निकष पर्यायाचा. बदल न करणे हाही एक पर्यायच असतो. तो पराभव पत्करणे नव्हे. पुष्कळ वेळा खिडकी बंद होण्याच्या अखेरच्या दिवशी, काहीतरी केले असे दिसावे म्हणून केलेला सौदा सर्वांत महाग पडतो.

ह्या चार निकषांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती निकषांत बसत नाही. ज्याची देवघेव होते, तो माणूस असतो. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा करारच एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जातो. बहुधा खेळाडूची संमती विचारली जात नाही. सकाळी एका शहरात सराव करावा आणि संध्याकाळी आपण दुसऱ्या शहराचे झालो आहोत असे कळावे, असा प्रसंग तेथे नवलाचा नाही. फुटबॉलमध्ये खेळाडूला नव्या संघाशी स्वतः करार करावा लागतो. त्यामुळे त्याच्या होकाराला अर्थ आहे. तरीही तेहतीस वर्षांच्या खेळाडूला हंगामाच्या मध्यावर गाव सोडून कोलकात्याला जावे लागते, तेव्हा त्याच्या घरात काय चालले असेल, ह्याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होत नाही. मकॉलीला घराजवळ जावयास मिळाले आणि त्याने मन लावून खेळ केला. ह्यावरून एवढे तरी शिकता येते की, खेळाडूच्या मनाची विचारपूस करणे ही केवळ दया नव्हे, तो संघाच्या हिताचाही भाग आहे.

आणि ज्या मैदानाने खेळाडू घडविला, त्या मैदानाचेही देणे असते. जागतिक फुटबॉल संघटनेने ही गोष्ट ओळखून एक नियम केला आहे. खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली मोबदला देऊन झाली, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा, वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या संघांनी त्याला शिकविले, त्यांच्यामध्ये विभागून द्यावा. ह्या नियमामागची भावना गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या मळ्यांत अनवाणी खेळणारी पेडण्याची मुले, आणि खाणींच्या धुळीने तांबड्या झालेल्या रस्त्यांवरून सरावाला जाणारी डिचोलीची मुले, ह्यांतूनच उद्याचे संघ भरावयाचे आहेत. गावच्या संघाने आपल्या खेळाडूंची नावे, वये आणि खेळलेले हंगाम ह्यांची नीट नोंद ठेवली, तर पुढे हक्काने काही मागता येईल. नोंदच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

ग्रामीण स्पर्धांचे संयोजक आणि गावोगावच्या संघांचे कारभारी ह्यांनाही ह्या विचारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. स्पर्धा जवळ आली की चषकाच्या मोहाने बाहेरून चार नामवंत पाहुणे आणावेत आणि गावच्या चार मुलांना सीमारेषेबाहेर बसवावे, ही रीत अनेक ठिकाणी दिसते. चषक कदाचित येतो. पाहुणे आपले मानधन घेऊन परत जातात. आणि पुढच्या वर्षी बाहेर बसलेली ती चार मुले मैदानाकडे फिरकत नाहीत. बाहेरचा खेळाडू आणूच नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. गोलरक्षक नसेल तर तो आणावा. परंतु त्याच्या शेजारी गावचा एक मुलगा शिकावयास उभा करावा, म्हणजे त्या खर्चातून पुढच्या वर्षाचीही तरतूद होईल. संघात कोण आले एवढेच मोजणारा कारभारी अर्धा हिशेब मांडतो. कोण गेले, कोणाची जागा गेली आणि कोणाला ती मिळावयास हवी होती, हे मोजणाऱ्याचा हिशेब पुरा होतो, आणि संघ टिकतो तो ह्या पुऱ्या हिशेबावर.